चाळीस पावलं

"रिंगणापासून चाळीस पावलांच्या आत एकही झाड लावायचं नाही," बाबा म्हणाले आणि कपातला तळाचा चहा त्यांनी पायरीखाली ओतला.

चारशे बारा रोपं तेव्हा वर्कशॉपच्या भिंतीला टेकून उभी होती. दुधाच्या पिशव्यांत, फुटक्या बादल्यांत, दादाच्या दोन जुन्या हेल्मेटांतसुद्धा. ताईने ती तीन वर्षं गच्चीवर वाढवली होती. पिशव्या फोडून मुळं बाहेर आली होती आणि या आठवड्यात ती जमिनीत गेली नसती तर पुढच्या वर्षी लावायला काही उरलं नसतं. जमिनीत ओल होती, ताईच्या शाळेला सुट्टी होती, धाकटी दवाखान्यातल्या एक्स-रे मशीनला दोन दिवस रामराम ठोकून आली होती आणि शहाऐंशी वर्षांची आत्या 'मी नुसती बघणार' असं बजावत खुर्ची टाकून बसली होती. कुरणाचं जंगल करायचं हे गेल्या महिन्यात याच पायऱ्यांवर ठरलं होतं. बाबांनी तेव्हा मान हलवली होती. ती मान अर्धीच हलली होती हे आज कळत होतं.

"चाळीस पावलं म्हणजे?" ताईने विचारलं.

"म्हणजे चाळीस."

बाबांचं हे असंच. आयुष्यभर त्यांनी घोड्यांना नाल ठोकले आणि माणसांना उत्तरं द्यायचं टाळलं. घोडे संपले, शेवटचा जाऊन चौदा वर्षं झाली, पण ही दुसरी सवय ठणठणीत होती.

ताईने नकाशा पायरीवर पसरला. परीक्षेच्या जुन्या तक्त्याची मागची बाजू होती ती. दोन एकर कुरण, कडेला काटेरी झुडपं, आत बोर आणि तुती, त्याच्या आत उंच वाढणारी झाडं, एका कोपऱ्यात पाण्याचा खड्डा. आणि मधोमध रिंगण. नाल ठोकून झाला की बाबा तिथे घोडा गोल पळवायचे. डोळे मिटून टापा ऐकायचे आणि कुठला पाय दुखतोय ते सांगायचे. इतकी वर्षं टापा पडून ती जमीन दगड झाली होती. आजही तिथे खडी आणि खुरटं गवत, एवढंच होतं.

"चाळीस पावलं सोडली तर अर्धं कुरण गेलं, बाबा."

"जाऊ दे."

"आणि शिरीष?"

यावर बाबा उठले. "शिरीष कुठेही लाव. तिथे नको," म्हणाले आणि चपला पायात सरकवून बाहेर गेले.

तेलाच्या डब्यातलं कमरेएवढं रोप ताईच्या पायाशी होतं. बाकीची चारशे अकरा एकीकडे आणि हे एकीकडे. रिंगणाच्या काठाला पूर्वी एक शिरीष होता. त्याच्या वाळक्या शेंगा वारा आला की दिवसभर खुळखुळायच्या, आणि ताईचं अर्धं लहानपण त्याच्या फांदीला टांगलेल्या टायरमध्ये गेलं होतं. एकोणिसाव्या वर्षी ती भांडून शिकायला बाहेरगावी गेली. बाबा तिला निरोप द्यायला दारापर्यंतही आले नव्हते. तीन आठवड्यांनी पहिल्या सुट्टीला आली तेव्हा शिरिषाच्या जागी बुंधा होता. "कीड लागली होती," एवढंच बाबा म्हणाले. तिने पडलेल्या शेंगांतल्या अकरा बिया वेचून कंपासपेटीत ठेवल्या आणि चोवीस वर्षांनी घासून, गरम पाण्यात भिजवून पेरल्या. एक उगवली.

"मला माहितीये कारण," ताई म्हणाली. आवाज तिने खूप सांभाळला होता. "मी गेले म्हणून कापलं. आता मी परत लावतेय म्हणून लावू द्यायचं नाही. सत्तावीस वर्षं झाली तरी यांचा राग जात नाही."

"पण बाबांचं म्हणणं काही चुकीचं नाही," दादा मध्येच म्हणाला. "मोकळी जागा असावी थोडी. म्हणजे, असू दे ना."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. गेला महिनाभर हा माणूस जंगलाच्या नावाने बोटं मोडत होता, कारण रस्त्याकडच्या कोपऱ्यात त्याला वर्कशॉपमध्ये बनवलेली लोखंडी फाटकं ठेवायला शेड हवी होती. आज अचानक त्याला मोकळ्या जागेचा पुळका आला होता.

"शेडचं बोल की सरळ," आत्या खुर्चीतून म्हणाली.

"शेडचा काय संबंध?" दादा म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

---

वर्कशॉपमध्ये येऊन दादाने उगाचच वेल्डिंगची वायर गुंडाळायला घेतली. ती आधीच गुंडाळलेली होती. वहिनी त्याच्या मागोमाग आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"तुम्ही बाबांची बाजू घेताय म्हणजे काहीतरी घोळ आहे."

"घोळ कसला?"

"वीस वर्षं बघतेय तुम्हाला. खोटं बोलताना तुम्ही वायर गुंडाळता."

दादाने वायर खाली ठेवली. शेड हवी होती हे खरं होतं, पण दुसरंही काही होतं, आणि ते बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. शिरीष कापला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. दोन माणसांची करवत होती. एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला तो.

"कीड नव्हती," तो म्हणाला.

"काय?"

"झाडाला कीड नव्हती. मी लाकूड पाहिलं ना. आतून पांढरंशुभ्र, टणक. एक भोक नाही. मी बाबांना म्हटलं, कुठाय कीड? ते म्हणाले, तू ओढ. मी ओढली."

वहिनीने मागे हात करून दार लोटलं.

"मग ताईंना कधी सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? तुझं बरोबर आहे, बाबांनी तुझ्यावरच्या रागानेच कापलं, असं? आणि करवतीला हात कुणाचा लागला होता?"

"रागानेच कापलं हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दुसरं काय कारण असणार?"

"मला काय विचारता? मी तर नंतर आले या घरात." वहिनीच्या डोळ्यांत आता चौकशीची चमक आली होती. दोन जावांची भांडणं असोत की शेजारचं लग्न, तिला सुरुवातीपासून सगळं कळायला हवं असे. "पण ज्या माणसाला नुसता राग आहे तो 'नको' म्हणेल. चाळीस कशाला मोजेल? तीस का नाहीत? पन्नास का नाहीत? हा आकडा कुठून आला?"

दादाला हे कधी सुचलंच नव्हतं. त्याने हात पुसले.

"चल, ताईला सांगून टाकतो," तो म्हणाला. पण त्याच क्षणी कुरणातून टिटवीचा कर्कश आवाज आला आणि पाठोपाठ बाबांचा त्याहून मोठा.

---

धाकटीच्या डोक्यातही तोच आकडा घुमत होता. ताई आणि बाबांच्या भांडणात नऊ वर्षांची असल्यापासून तिने एकच काम केलं होतं, ते म्हणजे दोघांच्या मधून निघून जाणं. आजही ती तशीच निघाली. पण या वेळी थेट रिंगणाकडे. एक्स-रे काढणाऱ्या माणसाला आत काय आहे ते पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, असं ती स्वतःच सांगायची.

गवत गुडघ्यापर्यंत होतं. रिंगण जवळ आलं तसं ते विरळ होत गेलं. बुंध्याची जागा तिला ओळखू आली, तिथे थोडा खळगा होता. त्याच्यापुढे खडी. तिने आत चार पावलं टाकली असतील, तोच समोरून एक टिटवी डोक्यावरून ओरडत गेली. धाकटी दचकून खाली वाकली. टिटवी पुढे जाऊन जमिनीवर पडली आणि एक पंख फरफटत लंगडत चालू लागली.

"अगं बाई, लागलं हिला," धाकटी म्हणाली आणि तिच्या मागे निघाली. टिटवी फरफटत पुढे, ही मागे. हात टाकणार एवढ्यात पक्षी ठणठणीत उडाला आणि फिरून पुन्हा डोक्यावर आला.

धाकटी हसली. दवाखान्यातही अशी माणसं यायची, लंगडत आत आणि रिपोर्ट मिळाला की तरातरा बाहेर. पण मग तिला प्रश्न पडला की हिला माझ्याशी नाटक करायची गरज काय. ती उलटी वळली आणि रिंगणाच्या मध्याकडे चालू लागली.

"थांब! पाय हलवू नकोस!"

बाबा धावत येत होते. गेल्या दहा वर्षांत त्यांना धावताना कुणी पाहिलं नव्हतं. धोतराचा सोगा एका हातात, दुसरा हात वर. धाकटी एका पायावर थांबली.

"खाली बघ. दुसरा पाय हळू मागे घे. मागे. तस्सं."

तिने खाली पाहिलं. खडी होती. आधी तिला खडीच दिसली. मग त्या खडीतले चार दगड जरा जास्तच गोल असल्याचं लक्षात आलं. मातकट, काळे ठिपके, चारही निमुळती टोकं आत वळवून कुणीतरी नीट मांडल्यासारखी. तिचा बूट त्यांच्यापासून वीतभर होता.

"अंडी!" ती कुजबुजली.

"माहीत आहे मला," बाबा धापा टाकत म्हणाले. "आता मागे फिर आणि मोज. चाळीस झाली की वळून बघ."

---

चाळिसाव्या पावलाला सगळे जमले होते. दादा, वहिनी, ताई, आणि खुर्चीसकट आत्या, कारण वहिनीने खुर्ची आणि दादाने आत्या उचलून आणली होती. मागे काहीतरी घडतंय आणि आपल्याला दिसत नाही हे आत्याला मान्य नव्हतं.

बाबांना तिथे उभं राहून फार अवघडल्यासारखं झालं होतं. त्यांनी डोळे मिटले. टिटवी अजून घिरट्या घालत होती. कुत्रं आलं तर तिची हाक वेगळी असते, कावळा आला तर वेगळी, माणूस आला तर तिसरी. हे त्यांना टापांसारखं कानाने कळायचं. आवाज उतरत गेला, थांबला. टिटवी बसली असणार. त्यांनी डोळे उघडले, तर ती बसलीच होती. खडीत विरघळून गेल्यासारखी.

"एकोणचाळीसला उठते," ते म्हणाले. "चाळीसला उठत नाही. मी खूपदा मोजलंय."

"कधीपासून?" ताईने विचारलं.

बाबा सोग्याने घाम पुसू लागले. दादाने घसा खाकरला.

"ताई, त्या झाडाला कीड नव्हती. मी होतो ना करवतीला. तुला सांगायला हवं होतं. आधीच." तो जमिनीकडे बघत होता. "बाबा, आता तुम्ही सांगा. नाहीतर मी शेड बांधेन इथे."

"शेड बांधून तर बघ!" बाबा एकदम उसळले. आणि आपण उसळलो हे कळल्यावर त्यांना बोलणं भाग पडलं.

"कावळा," ते म्हणाले. "शिरिषावर बसायचा. ही इथे अंडी घालायची, तो वरून बघत बसायचा. ही चारा टिपायला उठली की हा खाली. तीन वर्षं एक पिल्लू राहिलं नाही. दगड मारले, डबे बांधले, त्या दिवसांत घोडेसुद्धा रस्त्यावर पळवले, काही उपयोग नाही. चाळीस पावलांपलीकडून कावळा निघाला तर तिला दिसतो. ती उठून पिटाळते त्याला. आत बसलेला असला तर तिला वेळच मिळत नाही. मग काय करणार? तिला सांगू का, दुसरीकडे जा म्हणून? ती माझ्या आधीपासून इथे होती."

"एका पक्ष्यासाठी तुम्ही झाड कापलंत?" वहिनी म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"हो."

"मग सांगायचं ना तसं! कीड कशाला?"

यावर बाबांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने पदर तोंडाला लावला होता.

"अरे," आत्या म्हणाली, "म्हणजे तू ती अंडी फोडली नव्हतीस?"

"नाही, अक्का."

"आईला मला सांगायला लावलंस ना तू. फोडली म्हणून."

आत्यानेच मग ते बाकीच्यांना उलगडून सांगितलं. त्या वर्षी त्यांची आई मागच्या खोलीत अंथरुणाला खिळून होती. खिडकी कुरणाकडे. टिटवी ओरडली की ती दचकून उठायची, ही मला न्यायला आलीये म्हणायची, अंडी फोडून या म्हणून हट्ट धरायची. तिच्या लेकाने बाहेर चक्कर मारली आणि परत येऊन बहिणीच्या तोंडून 'फोडली' म्हणून निरोप दिला. पक्षी ओरडतच राहिला. तेव्हा तो दुसरा आहे असं सांगितलं. झाड टिटवीसाठी कापलं म्हटलं असतं तर हे खोटं आईपुढे उघडं पडलं असतं.

"आणि दोन महिन्यांनी आई गेली," बाबा म्हणाले. "मग काय सांगू? मी अंडी राखली, झाड कापून राखली, आणि आई गेली? लोकांनी काय म्हटलं असतं ते सोड. मलाच रात्री झोप येत नव्हती." त्यांनी ताईकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. "तू तेव्हा घरात नव्हतीस. तू असतीस तर तुला सांगितलं असतं. तुला कळलं असतं. दारापर्यंत आलो नाही कारण रडू आलं असतं. आणि तू आल्यावर बुंध्याकडे असं बघितलंस, की मग राहूनच गेलं."

सत्तावीस वर्षं 'राहूनच गेलं' यात मावली होती.

---

ताई नकाशा घेऊन गवतात बसली. तिच्या वहीत एक यादी होती, 'जंगलात येणारे पक्षी'. एकतीस नावं, प्रत्येकापुढे कुठलं फळ, कुठलं फूल. हिवाळ्यात चार महिने तिने कुरणाची पाहणी केली होती, किडे मोजले होते, माती तपासली होती. आहेत त्या पक्ष्यांची यादी मात्र तिने केली नव्हती. मुलांना शिकवताना ती आधी बघा मग लिहा म्हणायची. आता स्वतःवर हसावं की रडावं हे तिला कळेना, म्हणून तिने थोडं दोन्ही केलं.

"ताई," धाकटी शेजारी बसली. "लावायची नाहीत का मग?"

"लावायची. सगळी." ताईने पेन्सिलीने रिंगणाभोवती मोठं वर्तुळ काढलं. "दाट लावू. काटेरी बाहेर, बोरं-तुती मध्ये, आणि रिंगणाच्या बाजूला नुसतं गवत. जंगलाला मोकळी जागा लागतेच. मला पुस्तकात माहीत होतं ते."

"उंच झाडं?"

"सगळ्यात लांब."

बाबा काठीने गवत बाजूला करत तिच्यापाशी आले. त्यांना काहीतरी द्यायचं होतं आणि काय द्यावं हे सुचत नव्हतं.

"शिरीष तीस पावलांवर लाव," ते म्हणाले. "वाढायला वीस वर्षं लागतील. तोवर बघू. तुझी जागा आहे ती."

"चाळीस," ताई म्हणाली.

"अगं, मी म्हणतोय ना, तीस."

"आणि मी चाळीस म्हणतेय, बाबा."

"हे बघा," वहिनी दादाला हळूच म्हणाली, "आता उलट्या बाजूने भांडायला लागले."

ताईने तेलाचा डबा उचलला. रिंगणाच्या काठापासून निघाली, टिटवीला पाठ करून. टिटवी उठली, ओरडली, थोडं मागे आली आणि बसली. ताईची पावलं विचित्र पडत होती. एक पाऊल टाकलं की ती थांबायची, अंदाज घ्यायची आणि मग पुढचं ढांगभर टाकायची. डब्याच्या वजनाने तिचा तोल जात होता. धाकटीला हसू आलं. ती गवत ओलांडून पार रस्त्याकडच्या कोपऱ्यात पोचली. तिथे दादाने शेडसाठी चुन्याने आखलेली रेघ होती. रेघेच्या आत जाऊन तिने डबा ठेवला.

दादा मागोमाग आला. रेघेकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

"ही माझी शेड आहे," तो म्हणाला.

"मोजून आले मी."

"चाळीस इतकी लांब नसतात, ताई."

"असतात."

दादाने एक मोठा उसासा सोडला, त्यात शेडही गेली. मग त्याने वर्कशॉपमधून पहार आणली आणि चुन्याच्या रेघेवरच पहिला घाव घातला. माती घट्ट होती. ज्या हातांनी करवतीचं एक टोक धरलं होतं त्याच हातांनी तो खड्डा खणत होता. ताईला ते दिसलं. तिने दुसऱ्या बाजूने माती उपसायला सुरुवात केली.

बाबा रिंगणाकडून चालत येत होते. सावकाश, आखूड पावलं टाकत, ओठ हलवत. मध्ये एकदा काठी टेकून थांबले, पुन्हा निघाले. खड्ड्यापाशी आले तेव्हा रोप मातीत उभं राहिलं होतं.

"फार लांब आलीस," ते म्हणाले.

"चाळीसच आहेत. लहानपणी तुमच्यामागे चालताना तुमच्या एका पावलाला माझी तीन पडायची. तुमची ती मोठी पावलं मोजली."

बाबांनी मागे वळून रिंगणापर्यंत पाहिलं. टिटवी बसलेलीच होती.

"मी पण मोजली आत्ता," ते म्हणाले. "एकसष्ट झाली."